तीन वादक आणि ठरलेलं काहीच नाही: फ्री जॅझच्या मैफलींची रेकॉर्डिंग्ज तुम्ही कशी ऐकता?

रामबाग (धागाकर्ता)

आमच्या इंदूरच्या घरात माळ्यावर एक लाकडी पेटी आहे. तिच्यात बाबांनी जमवलेल्या बैठकींच्या टेप्स आहेत. दुकानात मिळणाऱ्या नव्हेत, लोकांच्या दिवाणखान्यांत सतरंजीवर माइक ठेवून घेतलेल्या. प्रत्येक टेपवर सुरुवातीची पाच-सात मिनिटं नुसते तानपुरे जुळत असतात. कुणी खोकतं, कपबश्या वाजतात, गवई तबलजीला हळू आवाजात काहीतरी सांगतो. लहानपणी मी तेवढा भाग पुढे पळवायचो आणि बाबा टेप परत मागे घ्यायचे. जुळवाजुळव ऐकल्याशिवाय गाणं कुठून निघालं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

गेली तीन वर्षं मी ज्या गोष्टीच्या मागे लागलोय, ती ऐकायची सवय मला त्या पेटीनेच लावली असणार. म्हणून तिथून सुरुवात केली.

मी ऐकतोय ती फ्री इम्प्रोव्हायझेशन करणाऱ्या जॅझ त्रिकुटांच्या मैफलींची रेकॉर्डिंग्ज. बहुतेक वेळा सॅक्सोफोन किंवा पियानो, एक मोठा उभा बास आणि ड्रम्स. नेहमीच्या जॅझमध्ये एक धून असते, तिच्याखाली कॉर्ड्सची ठरलेली आवर्तनं फिरतात आणि वादक त्यांवर विस्तार करतो. आपल्या कानांना ते फार परकं वाटत नाही. इथे ती आवर्तनंच काढून टाकलेली. कधी सुरुवातीला एक छोटी धून असते, कधी तीही नसते. कुणी सुरू करायचं, किती वेळ वाजवायचं, कुठे थांबायचं, ठरलेलं काही नाही.

मी पहिल्यांदा ऐकली ती अल्बर्ट आयलरच्या त्रिकुटाची मैफल. १४ जून १९६४, न्यूयॉर्कमधला सेलर कॅफे. आयलर टेनर सॅक्सोफोनवर, गॅरी पीकॉक बासवर, सनी मरी ड्रम्सवर. पॉल हेन्स नावाच्या कवीने ती टेप करून ठेवली म्हणून आज ती आहे. मी चार मिनिटांत बंद केली. सॅक्सोफोन किंचाळतोय, ड्रम्सवाला ताल सोडून नुसती झांज शिंपडत बसलाय, आणि बास कुठे आहे ते सापडतच नाही. बंद केल्यावरही दोन दिवस डोक्यात एक बारीकशी धून फिरत राहिली, लहान मुलांच्या बडबडगीतासारखी. ती त्याच चार मिनिटांतली होती.

मग कळलं की याच तिघांनी २६ दिवसांनी, १० जुलैला, स्टुडिओत जाऊन रेकॉर्डिंग केलं आणि त्यांचं नाव झालं ते त्या रेकॉर्डमुळे. दोन्हीकडे त्याच धुना आहेत. मी एका रविवारी सकाळी एक धून कॅफेतली आणि लगेच तीच स्टुडिओतली, अशी लागोपाठ लावली. पुन्हा तसंच. तिसऱ्या फेरीला मला पीकॉक ऐकू यायला लागला. तो आयलरच्या मागे धावत नव्हता. त्याची स्वतःची एक चाल होती, आणि आयलर श्वास घ्यायला थांबला की ती एकदम उजेडात यायची.

तेव्हापासून मी सुरांच्या मागे जात नाही. हे तिघं एकमेकांना कसं ऐकताहेत, ते ऐकतो. रागसंगीत ऐकून तयार झालेल्या कानाला हे जमू शकतं, असं माझं ठाम मत झालंय. इंदूरमधल्या एका मंडळात मी हे लावलं तेव्हा अर्धे लोक उठून गेले. त्याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. म्हणून इथे विचारतोय: तुमच्यापैकी कुणी ऐकतं का हे? कसं ऐकता?

लष्करकर

ग्वाल्हेरहून लिहितोय. लेख आवडला, तरी मनातलं स्पष्ट लिहितो.

आमच्याकडे बंदिशीला घर म्हणतात. आधी घर बांधायचं, मग त्यात फिरायचं. कृष्णराव शंकर पंडितांची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐका. बंदिश स्वच्छ मांडली जाते, मग बहलावे, बोलआलाप, ताना, आणि प्रत्येक गोष्ट फिरून समेवर येते. ऐकणाऱ्यालाही ती सम माहीत असते, म्हणून तर आपण सगळे एकाच क्षणी मान डोलावतो. सगळ्यांना मिळून माहीत असलेलं असं काही तुमच्या त्रिकुटात कुठे आहे? राग नाही म्हणजे वर्ज्य स्वर नाही. वर्ज्य नाही म्हणजे चूक नाही. ज्यात चूकच होऊ शकत नाही, त्यात बरोबर काय आलं ते कसं ओळखायचं? टोमणा म्हणून लिहीत नाहीये, मला खरंच समजून घ्यायचंय.

लग्गी

मी तबला वाजवतो, इंदूरलाच. लष्करकरांच्या प्रश्नात माझा एक प्रश्न जोडतो. उस्ताद अमीर खाँसाहेब अतिविलंबित झूमऱ्यात गायचे आणि तबल्यावर त्यांना साधा, भरीव ठेका लागायचा. तबलजीने तिथे काही करून दाखवायचं नाही. १४ मात्रा इतक्या संथ धरून ठेवणं हेच त्याचं काम, आणि ते किती अवघड आहे ते बसून बघितल्याशिवाय कळत नाही. त्या ठेक्यामुळे गवई मोकळा होतो. ठेकाच काढून घेतला तर ड्रमरने करायचं काय? नुसता रंग भरायचा?

अश्विनी_ति

वाचतेय. यातलं काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू तेही सांगा.

रामबाग (धागाकर्ता)

लष्करकर, तुमच्या प्रश्नावर आठवडाभर विचार केला.

चूक होते. भरपूर होते. ती स्वराची नसते, वागण्याची असते. बाकीचे दोघं हळूहळू विरत चाललेत आणि तिसऱ्याला ते ऐकूच आलेलं नाही, तो आपला जोरात वाजवतोय. ही चूक. सॅक्सोफोनने एक आकृती टाकली आणि पियानोने लगेच तिची नक्कल केली. पहिल्यांदा गंमत वाटते, चौथ्यांदा कंटाळा येतो, कारण नक्कल म्हणजे ऐकणं नव्हे. हीसुद्धा चूक. तिघंही एकदम चढले आणि आता उतरायचं कसं ते कुणालाच कळत नाहीये, म्हणून नुसता गोंगाट लांबतोय. ही तर नेहमी होणारी चूक, आणि मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये ती तशीच राहते. स्टुडिओत ती कापता आली असती.

मला मैफलीचीच रेकॉर्डिंग्ज हवी असतात ती यासाठी. सगळं सुटतंय असं वाटणारी दोन-तीन मिनिटं प्रत्येक मैफलीत येतात. मग कुणीतरी काहीतरी लहानसं करतं, बासवाला एकच स्वर गजाने लांब ओढून धरतो, आणि बाकीचे दोघं त्याच्याभोवती येऊन बसतात. असं आधी घडलेलं असल्याशिवाय पुढच्या दहा मिनिटांना अर्थ येत नाही. बाबा टेप मागे का घ्यायचे, ते मला आता कळतं.

सम नाही, हे खरं. पण शेवट असतो. तिहाई नाही, खूण नाही, आणि तिघंही एकाच क्षणी थांबतात. ते पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा समेवर यावी तशीच दाद माझ्या तोंडून निघाली.

तीनच का, याबद्दलही लिहायचं आहे. दोघं असले की सवाल-जवाब होतो, एकाने टाकलं की दुसऱ्याला उचलावंच लागतं. तिघांत एकाला गप्प बसता येतं. दोघं बोलत असतात, तिसरा ऐकत असतो, आणि तो पुन्हा आत येतो तेव्हा आधीचं संभाषण बदलून जातं. चार-पाच झाले की मला कोण कुणाला ऐकतंय ते धरता येत नाही. माझ्या कानाची मर्यादा असेल ती. आपल्या बैठकीतही गवई, तबला, पेटी किंवा सारंगी असे तिघंच असतात, पण त्यांच्या मागे तानपुरा असतो. तो कुणाचीच बाजू घेत नाही आणि सगळ्यांना धरून ठेवतो. या त्रिकुटांना तानपुरा नाही. त्यामुळे आधार कुणी द्यायचा हेही वाजवता वाजवताच ठरतं. कधी बास देतो, कधी पियानोचा डावा हात, कधी चक्क झांज.

लग्गी, ड्रम्सबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ऐकू येईल. सनी मरी ताल मोजत नाही हे खरं, पण एकटा तोच ऐकून बघा. झांजेचा एक सततचा झरा आहे आणि त्याची घनता कमी-जास्त होते. आयलर वर गेला की झरा दाट होतोच असं नाही, कधी नेमका उलटा पातळ होतो. आणि मरी वाजवताना कण्हल्यासारखा आवाज काढतो, तोही टेपवर आलाय.

अश्विनीताई, आयलरपासून सुरुवात करू नका. जिमी जुफ्रीचं त्रिकूट ऐका: जुफ्री क्लॅरिनेटवर, पॉल ब्ले पियानोवर, स्टीव्ह स्वॉलो बासवर. ड्रम्स नाहीतच. १९६१ मध्ये ते युरोपात गेले होते, त्यातल्या ब्रेमेन आणि श्टुटगार्टच्या मैफली उपलब्ध आहेत. हळू आवाजाचं संगीत आहे, घरातल्या कुणाला त्रास होणार नाही. त्या काळी हे ऐकायला लोक नव्हते. न्यूयॉर्कमधल्या एका कॉफीहाउसात एका रात्री प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेंट आले आणि त्यांनी त्रिकूट मोडलं. जर्मनीतल्या त्या मैफली रेकॉर्डवर यायला तीसेक वर्षं लागली.

मांडवी

बडोद्याहून. मी हे पंधरा-एक वर्षं ऐकतेय, पण यावर मराठीत बोलायला कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. फार बरं वाटलं.

एक व्यावहारिक गोष्ट सांगते, कारण निम्मे लोक तिच्यामुळेच दूर जातात. फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. उभ्या बासची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. फोनच्या स्पीकरमधून तो स्वर बाहेरच पडत नाही, फार तर बोटांची टकटक ऐकू येते. म्हणजे तिघांतला एक माणूस गेला. उरलेले दोघं कुणाशी बोलताहेत ते मग कसं कळणार? तसंच खूप दाबलेल्या एमपीथ्री फाइलमध्ये पहिला बळी झांजांचा जातो. त्यांची किणकिण विरघळून नुसती सळसळ उरते. रामबाग म्हणतात तो मरीचा झरा अशा फाइलमध्ये पावसाच्या आवाजासारखा लागेल. बरे हेडफोन घ्या, चांगली फाइल किंवा सीडी घ्या, आणि पहिली पाच मिनिटं फक्त बासकडे लक्ष ठेवा. सॅक्सोफोन आपोआप ऐकू येतोच.

लष्करकरांना एक सांगावंसं वाटतं. फैय्याज खाँसाहेबांची नोमतोम आलापी माझे आजोबा बडोद्यात समोर बसून ऐकायचे. आलापीत ठेका नसतो, तरी ती भरकटते असं आपण कधी म्हणत नाही. रागाचा आधार आहे, मान्य. पण तालाशिवाय काळ कसा पुढे न्यायचा, हे आपल्या कानांना लहानपणापासून माहीत असतं. ख्याल न ऐकलेल्या माझ्या मैत्रिणींना ड्रम्सचा ठोका सापडेना म्हणून घाबरायला झालं. मला नाही झालं.

सुदामानगर

मी रामबाग यांच्याकडे जाऊन २० मिनिटं ऐकलं. डोकं दुखलं. माणूस मनापासून सांगतोय म्हणून शेवटपर्यंत बसलो, पण मला त्यात आनंद मिळाला नाही. दिवसभर दुकानात गोंगाट ऐकल्यावर संध्याकाळी मला थोडं शांत काहीतरी हवं असतं. सगळ्यांनाच हे आवडलं पाहिजे असं नाही, एवढंच.

रामबाग (धागाकर्ता)

सुदामानगर, तुम्ही आलात आणि बसलात याचं मला मोल आहे. त्या दिवशी मी निवड चुकवली. दमून आलेल्या माणसाला सेलर कॅफे लावायला नको होता.

लग्गी

दोन आठवडे ऐकलं. सविस्तर लिहितो.

रामबागदादांनी मला श्लिपेनबाख त्रिकुटाच्या मैफली दिल्या. अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख पियानोवर, एव्हन पार्कर सॅक्सोफोनवर, पॉल लोव्हेन्स ड्रम्सवर. १९७० पासूनचं त्रिकूट. अनेक वर्षं ते दर हिवाळ्यात जर्मनी आणि आसपासच्या गावांतून दौरा करायचे आणि त्याला 'हिवाळी प्रवास' म्हणायचे. बास नाही, त्यामुळे मला एक वाद्य कमी शोधावं लागलं.

पहिले तीन दिवस मी मात्रा मोजत होतो. सवयच आहे, हात मांडीवर चालतो. कुठेही बसेना. चौथ्या दिवशी मोजणं सोडलं आणि फक्त लोव्हेन्सचे आघात ऐकले, कुठलं कातडं, कुठली झांज, काठी की ब्रश, दाबून की मोकळा. आपण तबल्याच्या काठाची चाट आणि तिच्या आतलं मैदान वेगळे ऐकतो ना, तसे. मग लक्षात आलं की पार्करच्या स्वराचा जो पोत असतो, तो लोव्हेन्स उचलतो. लय तो उचलत नाही. सॅक्सोफोनचा आवाज खरखरीत झाला की याचे आघात कोरडे, तुटक होतात. आपल्याकडे साथीत हे होतं. गवई खालच्या सप्तकात घुमारा देत असला की चांगला तबलजी बायाँवर, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्यावर, थोडा जास्त रेंगाळतो. ते कुणी शिकवत नाही. इथे फक्त तेवढंच शिल्लक ठेवलंय आणि बाकी सगळं काढून टाकलंय.

पार्करबद्दलही लिहायला हवं. तो श्वास न तोडता मिनिटच्या मिनिट वाजवतो. गालात हवा साठवायची, ती बाहेर ढकलत असतानाच नाकाने नवी आत घ्यायची. आपले शहनाईवाले हे करतातच, म्हणून मला त्याचं नवल नव्हतं. नवल वाटलं ते वेगळ्या गोष्टीचं. शहनाईवाला त्या श्वासाने एक स्वर स्थिर धरतो, आणि हा त्याच श्वासात इतक्या वेगाने इतके आवाज काढतो की दोन-तीन सॅक्सोफोन वाजताहेत असं वाटतं.

मला हे आवडलं का? माहीत नाही. पण काल रियाझाला बसलो तेव्हा बायाँ जरा वेगळा ऐकू आला.

मांडवी

लग्गी, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतेय. लोव्हेन्सबद्दल असं वर्णन मी कुठेही वाचलेलं नाही.

तुम्हाला आता ऑर्नेट कोलमन ऐकायला हवा. स्टॉकहोममधलं 'गोल्डन सर्कल', ३ आणि ४ डिसेंबर १९६५. डेव्हिड आयझेन्झन बासवर, चार्ल्स मॉफेट ड्रम्सवर. इथे कॉर्ड्सची आवर्तनं नाहीत, पण ठोका बऱ्याच वेळा आहे आणि तो झुलतो. तुमची मांडी चालेल. आयझेन्झन गजाने वाजवतो तेव्हा मला दर वेळी सारंगी आठवते. त्याआधी दोन-एक वर्षं कोलमन मंचापासून जवळजवळ दूर होता आणि त्या काळात तो स्वतःचा स्वतः व्हायोलिन आणि ट्रम्पेट शिकला. त्या मैफलीत ही दोन्ही वाद्यं तो मंचावर वाजवतो. कुठल्याही परीक्षेत नापास झाला असता असं वाजवतो, आणि मॉफेट त्याच्याबरोबर इतक्या आनंदाने धावतो की मला ते काढून टाकावंसं वाटत नाही.

लष्करकर

मी परत आलोय.

रामबाग यांनी मला निरोपातून कीथ जॅरेटच्या त्रिकुटाची लंडनची मैफल सुचवली होती, जुलै २००० ची. जॅरेट पियानोवर, जॅक डीजोनेट ड्रम्सवर, आणि बासवर तोच गॅरी पीकॉक, जो ३६ वर्षांपूर्वी आयलरबरोबर त्या कॅफेत होता. एकाच माणसाला दोन टोकांना ऐकायला मिळालं. हे त्रिकूट १९८३ पासून जुनी, सगळ्यांना पाठ असलेली गाणी वाजवायचं. लंडनला त्यांनी ती बाजूला ठेवली आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात केली.

मी दोन गोष्टी ऐकल्या. पहिली अशी की कोरी पाटी म्हटली तरी त्यांच्या हातात सतरा वर्षं बरोबर वाजवलेली गाणी होतीच. मधूनच ब्लूजचा एखादा तुकडा वर येतो आणि तिघंही तो ओळखतात. म्हणजे घर पाडलेलं नाही, फक्त भिंती दिसत नाहीत. याने माझा विरोध बराच कमी झाला. डेरेक बेली नावाचा इंग्रज गिटारवादक १९८० च्या आपल्या पुस्तकात उपजेचे दोन प्रकार करतो: एक परंपरेच्या भाषेतली, जशी आपली, आणि दुसरी कुठल्याच ठरीव भाषेत न बसणारी. मला ही विभागणी पूर्ण पटत नाही. तीन माणसं पुरेसा काळ एकत्र बसली की त्यांची बोली तयार होतेच. आमच्याकडे अशाच बोलीला पुढे घराणं म्हणू लागले.

दुसरी गोष्ट. त्या रेकॉर्डवर सगळं मोकळं वाजवून झाल्यावर ते शेवटी एक जुनं प्रेमगीत वाजवतात, साधं, धून धरून. ते सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भैरवी होती ती. पण दुसऱ्या दिवशी फक्त तेवढंच गाणं लावून बघितलं तर काही झालं नाही. आधीचा तासभर ऐकल्याशिवाय ते तिथे पोचत नाही.

आयलर मात्र मला अजून जमलेला नाही. पुन्हा प्रयत्न करीन असं वचन देत नाही.

रामबाग (धागाकर्ता)

लष्करकर, तुमचा 'बोली' हा शब्द मी आता वापरणार.

बेलीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. तरुणपणी शेफील्डमध्ये त्याचं स्वतःचं त्रिकूट होतं, गॅव्हिन ब्रायर्स बासवर आणि टोनी ऑक्सली ड्रम्सवर. १९६३ ते १९६६. एका पबच्या वरच्या खोलीत ठरीव जॅझपासून सुरू करून ते आठवड्यामागून आठवडे एकेक नियम सोडत गेले. त्या तीन वर्षांतला तालमीचा जेमतेम १० मिनिटांचा तुकडा ऐकायला मिळतो. बाकी हवेत गेलं. हे वाचल्यावर मी माळ्यावरची पेटी खाली उतरवली. तीन टेप्सना बुरशी लागली आहे, उरलेल्या आता डिजिटल करतोय, जुळवाजुळवीसकट.

आणि कालची गोष्ट सांगायची राहिली. आई ७८ वर्षांची आहे, लग्नाआधी गाणं शिकलेली. माझ्या खोलीतून येणाऱ्या आवाजांबद्दल तिने तीन वर्षांत एकदाही तक्रार केली नाही आणि एकदाही आत डोकावली नाही. काल संध्याकाळी मी 'द नेक्स' लावलं. सिडनीचं त्रिकूट, १९८७ पासूनचं: ख्रिस अब्राहम्स पियानोवर, लॉइड स्वॉन्टन बासवर, टोनी बक ड्रम्सवर. मंचावर येतात, बराच वेळ गप्प बसतात, मग कुणीतरी एक सुरू करतो आणि पाऊण-एक तास तोच एक तुकडा इंचाइंचाने बदलत जातो. मी लावलेली मैफल ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिल गावची होती, २००७ ची.

आई मटार सोलायला घेऊन दारात बसली. बोलली काही नाही. मटार संपले तरी उठली नाही. पन्नासेक मिनिटांनी तुकडा विरला, टाळ्या सुरू व्हायच्या आधीची ती दोन-तीन सेकंदांची शांतता आली, आणि तिने मान वर करून विचारलं, "तानपुरा का बंद केलास रे?"